खान्देशातली सायकल आणि शेतीचे वर्ष: हंगामानुसार रस्त्यावर घ्यायची काळजी

खान्देशात सायकल चालवणाऱ्याने रस्त्याचा अंदाज बांधताना आधी बाजूच्या शेतात काय चालले आहे ते पाहावे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कापूस, केळी, मका, ज्वारी आणि ऊस यांचा जो टप्पा शेतात सुरू असतो, त्याचाच चिखल, काटा, दाणा किंवा धसकट पुढच्या काही दिवसांत डांबरावर येऊन पडते. हे एकदा ध्यानात आले की बहुतेक संकटे अचानक येत नाहीत, त्यांच्या तारखा जवळजवळ ठरलेल्या असतात. म्हणून येथे वर्षाचा क्रम जानेवारीपासून न लावता मृगापासून लावला आहे.

मृग ते पोळा: वारा, चिखल आणि फरशी पूल

पाऊस लागण्याआधीच वारा सुटतो. जून ते ऑगस्ट या काळात तो पश्चिम आणि नैऋत्य दिशेकडून तापीच्या खोऱ्यात शिरतो, आणि त्याचा जोर किती असतो हे साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या पाहून कळते. जळगावहून किंवा अमळनेरहून धुळ्याकडे जाणाऱ्याला या दिवसांत वारा समोरून लागतो. म्हणून शक्य असेल तेथे पहाटे, वारा कमी असताना, पश्चिमेकडे जावे आणि परतीचा प्रवास पाठीवर वारा घेऊन करावा. उलट क्रम लावणाऱ्याची दमछाक नेमकी घराजवळ येताना होते. सुरत-धुळे-नागपूर महामार्गावर आडवा वारा असताना मोठा ट्रक शेजारून गेला, तर क्षणभर वारा अडतो आणि ट्रक पुढे सरकताच एकदम अंगावर येतो. अशा वेळी हँडल दोन्ही हातांनी धरावे, कोपर सैल ठेवावेत आणि रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून न चालता डाव्या बाजूला थोडी जागा राखावी.

पेरणी सुरू झाली की काळ्या मातीचा त्रास सुरू होतो. कापसाची ही जमीन पाणी शोषून फुगते आणि चिकट होते. ती टायरला लागली की टायर व मडगार्ड यांच्यामधल्या जागेत थर साचत जातो आणि शेवटी चाक फिरेनासे होते. म्हणून पावसानंतर निदान अर्धा दिवस उघडीप आणि ऊन मिळाल्याशिवाय शिवाररस्त्याने जाऊ नये, मग तो कितीही जवळचा असला तरी. जाणे भागच असेल, तर मडगार्ड आणि टायर यांच्यात बोट सहज फिरेल इतकी जागा आहे ना, हे घरून निघतानाच तपासावे आणि माती खरवडण्यासाठी एक चपटी काडी किंवा जुना चमचा पिशवीत टाकावा. घरी आल्यावर सायकल धुताना पाण्याचा जोरदार फवारा चाकाच्या किंवा पायडलच्या बेअरिंगवर मारू नये, कारण त्याने माती आत ढकलली जाते आणि ग्रीस निघून जाते. ओल्या फडक्याने पुसून, चेन कोरडी करून तेलाचे थेंब देणे पुरेसे असते.

याहून धोकादायक म्हणजे डांबरावर आलेली माती. शेतातून बाहेर पडणारा ट्रॅक्टर रस्त्यावर दोन्ही चाकांच्या खुणा सोडत जातो आणि भुरभुर पाऊस आला की त्या खुणांचा पातळ, निसरडा लेप बनतो. मुसळधार पावसात तो धुऊन जातो, पण पहिल्या सरींत आणि रिमझिम पावसात तो सर्वांत घातक असतो. शेताचे फाटक किंवा गाडवाट दिसली की वेग आधीच कमी करावा, लेपावर चाक असेपर्यंत ब्रेक लावू नये, वळू नये आणि पायडल मारणेही थांबवावे. वळण आणि लेप एकाच जागी असतील, तर उतरून चालण्यात काहीही कमीपणा नाही.

पावसाळ्यात सर्वांत जपायचे ते फरशी पुलांवर, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणाऱ्या ठेंगण्या पुलांवर. अनेर, सुकी, मोर, गोमाई या नद्या सातपुड्यातून उतरतात. त्यामुळे डोंगरात पाऊस झाला की रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा या पट्ट्यात लख्ख ऊन असतानाही नाल्याला लोंढा येऊ शकतो. पुलावरून वाहते पाणी गढूळ असेल आणि त्याखालचा पृष्ठभाग दिसत नसेल, तर सायकलवरून किंवा सायकल हातात धरूनही त्यात शिरू नये. फरशीच्या कडेचा भाग खचला आहे का, हे पाण्याखाली कळत नाही, आणि चाकांच्या आऱ्यांवर पाण्याचा दाब पडून सायकल ओढली जाते. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली असेल, तर तापीकाठच्या सखल रस्त्यांचा बेत त्या दिवशी सोडून द्यावा. पाणी ओसरल्यावरही फरशीवर शेवाळ राहते. तेथून सरळ रेषेत, न थांबता, ब्रेकला हात न लावता पलीकडे जावे.

रिमला रबर घासणारे ब्रेक ओले झाले की पहिल्या काही फेऱ्यांत पकड घेत नाहीत. कन्नड घाटात, तोरणमाळच्या घाटात किंवा कोंडाईबारीत उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबून रिम पुसून घ्यावे आणि मगच वळणाच्या भरवशावर वेग ठेवावा. कन्नड घाटात 2021 च्या ऑगस्टअखेर अतिवृष्टीने दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. सलग दोन दिवस जोराचा पाऊस झाल्यावर तेथे हौसेखातर जाऊ नये.

विजांच्या बाबतीत एकच हिशेब पाळावा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागत असेल, तर सायकल सोडून पक्क्या घरात किंवा बंद वाहनात थांबावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. बांधावरचे एकटे निंबाचे झाड हा आसरा नाही.

भादव्यापासून दिवाळीपर्यंत: रस्त्यावरची खळी

उडीद आणि मूग निघाले की रस्त्यावर मळणी दिसू लागते; त्यापाठोपाठ सोयाबीन, बाजरी, ज्वारी आणि मका येतो. गावाची सामाईक खळी बहुतेक ठिकाणी उरलेली नाहीत. डांबर कोरडे, सपाट आणि तापलेले असते, शिवाय जाणाऱ्या वाहनांच्या चाकांखाली शेंगा आपोआप फुटतात, म्हणून शेतकरी माल तेथे पसरतो. त्याच्यावर ओरडून काही साधत नाही. ग्रामपंचायतीने प्रत्येक गावात मळणीसाठी सिमेंटचा ओटा बांधावा, ही मागणी सायकलस्वारांनी शेतकऱ्यांसोबत उभे राहून करायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर पसरलेल्या मालावरून जायचे तंत्र शिकावे लागते. मक्याचे आणि ज्वारीचे सुटे दाणे चाकाखाली घरंगळतात, म्हणून त्यावर चढण्याआधी वेग कमी करावा आणि चढल्यावर पायडल थांबवून सरळ जावे. उडदाची, मुगाची वाळलेली झाडे चेनमध्ये आणि गिअरच्या चाकांत गुंडाळली जातात. चेन अडकल्यासारखी वाटताच जोर न लावता उतरावे आणि पायडल उलटे फिरवून काड्या सोडवाव्यात. जोर लावला तर मागचा गिअर वाकून आऱ्यांत जाऊ शकतो आणि मग दुरुस्ती रस्त्यावर होत नाही. खरा धोका मात्र माल उचलून नेल्यावर उरतो. ढिगाभोवती वाहने वळावीत म्हणून लावलेले दगड अनेकदा तेथेच राहून जातात. संध्याकाळनंतर अंधारात ते दिसत नाहीत, म्हणून मळणीच्या दिवसांत जो रस्ता सकाळी मोकळा होता, तो रात्रीही मोकळा असेल असे गृहीत धरू नये.

याच दिवसांत दिव्यांभोवती पाखरांचे थवे असतात. साध्या पारदर्शक काचेचा चष्मा संध्याकाळी लावला, तर डोळ्यात किडा जाऊन तोल जाण्याचा प्रसंग टळतो.

काटा

खान्देशात पंक्चरचा खरा हंगाम पाऊस संपल्यावर सुरू होतो. रस्त्याच्या कडेला पसरलेल्या सराट्याची फळे भाद्रपदानंतर वाळून सुटतात आणि ती कशीही पडली तरी त्यांचा एखादा काटा वरच राहतो. दुसरा प्रकार बाभळीचा. बाभूळ आणि वेडी बाभूळ यांच्या फांद्या तोडून शेताला कुंपण घालतात, आणि उन्हाळ्याअखेर मशागतीच्या वेळी त्याच फांद्या ओढत रस्ता ओलांडतात. त्या ओढलेल्या रेषेवर काटे गळून पडलेले असतात. डांबरावर आडवी ओरखड्यांची खूण आणि बाजूला वाळका पाला दिसला की सायकल उचलून पलीकडे न्यावी. एरवीही रस्त्याच्या कडेच्या मातीवर न उतरणे हा सर्वांत स्वस्त बचाव आहे, कारण वाहनांच्या वाऱ्याने सगळा काटा कडेलाच जाऊन साचतो.

टायरमध्ये हवा किती असावी, हे टायरच्या बाजूवर छापलेले असते आणि त्या मर्यादेत राहणे महत्त्वाचे आहे. कमी हवेचे टायर पसरून जास्त काटे वेचते आणि खड्ड्यात ट्यूब रिमला चेपून दोन समांतर छिद्रे पडतात. सराट्याचा काटा टायरच्या जाडीत अडतो, म्हणून टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये लायनरची पट्टी घातली तर त्याचा त्रास बराच कमी होतो. काही दुकानांत जुन्या टायरचा पट्टा कापून आत घालतात. तो चालतो, पण त्याच्या कडा ब्लेडने तासून पातळ केल्या नाहीत तर त्याच कडा ट्यूब घासून फाडतात. बाभळीच्या लांब काट्यापुढे मात्र लायनरचाही भरवसा नाही. त्यासाठी ट्यूबमध्ये भरायचे सीलंट उपयोगी पडते, परंतु आपल्याकडच्या उन्हात ते लवकर सुकते, हे लक्षात ठेवून वर्षातून दोनदा तरी तपासावे.

पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब घालण्याची घाई करू नये. काटा टायरमध्ये तुटून राहिलेला असतो आणि तो नव्या ट्यूबलाही टोचतो, ही या भागातली सर्वांत नेहमीची फजिती आहे. ट्यूब काढण्याआधी वाल्व्हसमोर टायरवर खडूची खूण करावी. ट्यूबमधले छिद्र सापडले की वाल्व्हपासूनच्या त्याच अंतरावर टायरमध्ये काटा शोधता येतो. बोट फिरवून शोधले तर बोटाला काटा लागतो. त्याऐवजी कापसाचा बोळा टायरच्या आतून सावकाश फिरवावा: जेथे तंतू अडकतात तेथे काट्याचे टोक असते, मग ते डोळ्यांना दिसो वा न दिसो. ते चिमट्याने किंवा बाहेरून सुईने ढकलून काढावे आणि बोळा पुन्हा एकदा पूर्ण फिरवावा. सोल्यूशनची उघडलेली नळी घरात पडूनही सुकते, म्हणून दरवर्षी दसऱ्याला नवी नळी घ्यावी.

हिवाळा: ऊस, मिरची आणि मांजा

शहादा आणि शिरपूर भागांत उसाच्या जोड-ट्रॉल्या पहाटे रस्त्यावर असतात. अनेकींना मागचा दिवा किंवा चमकणारी पट्टी नसते आणि जानेवारीत सात वाजेपर्यंत उजेड पुरेसा होत नाही. तापीकाठी धुके असेल त्या दिवशी एक तास उशिरा निघावे. कापसाने फुगलेला ट्रक किंवा आयशर ओव्हरटेक करताना त्याच्या चाकांपासून अंतर मोजू नका, मालाच्या फुगवट्यापासून मोजा. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावर सावदा-फैजपूर परिसरात जेथे केळीचे ट्रक भरतात, तेथे पाने आणि त्यांचा चिकट रस रस्त्यावर असतो. त्यावर ओल्या मातीइतकेच जपावे.

नंदुरबारच्या आसपास मिरची वाळत घातलेल्या पथाऱ्या लागतात. वारा पथारीकडून रस्त्याकडे येत असेल, तर ठसका लागून श्वास कोंडतो आणि डोळे पाणावतात. नाकावर ओला रुमाल बांधावा आणि चष्मा लावावा. हात डोळ्याला लावू नये. दमा असणाऱ्याने त्या दिवसांत दुसरा रस्ताच धरावा.

संक्रांतीच्या आधीचे तीन-चार आठवडे शहरांत आणि मोठ्या गावांत नायलॉन मांजाचे असतात. त्याच्यावर बंदी असूनही तो हवेत असतो. गळ्याभोवती जाड उपरणे किंवा गळपट्टा दोन वेढे घ्यावा, पतंग उडत असलेल्या वस्तीत वाकून वेगाने जाऊ नये, आणि मांजा अंगाला लागल्याचे जाणवताच हाताने ओढू नये, तर आधी थांबावे.

माघ-फाल्गुनात पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) उपटून गाड्यांवर लादतात आणि दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, कापली जाते. गाडीवरून पडलेली पऱ्हाटीची काडी पुढच्या चाकाच्या आऱ्यांत गेली, तर चाक जागीच अडते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. रस्त्यावरची काडी बारीक दिसली तरी तिच्यावरून जाऊ नये. कुत्री मागे लागली, तर उतरून सायकल मध्ये धरावी आणि चालत राहावे. चावा घेतलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस घ्यावी.

चैत्र-वैशाख

जळगाव आणि भुसावळकडे पारा अनेकदा 45 अंशांच्या वर जातो. सायकल पहाटे पाचला काढावी आणि नऊच्या आत सावलीत यावे. दुपारी डांबर मऊ होते, टायरला खडी चिकटते आणि उन्हात उभ्या केलेल्या सायकलची ट्यूब फुटू शकते, म्हणून सायकल सावलीतच लावावी. वावटळ समोर दिसली की पाठ फिरवून थांबावे, कारण तिच्यातल्या धुळीपेक्षा तिच्यामुळे रस्ता न दिसणारा वाहनचालक अधिक घातक असतो.

पाण्यात साखर आणि मीठ असू द्यावे: एक लिटरला साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा, दोन्ही चहाच्या चमच्याने. सोबत्याचे बोलणे असंबद्ध होऊ लागले किंवा तापलेल्या अंगावरचा घाम थांबला, तर तो उष्माघात समजावा. त्याला तातडीने सावलीत न्यावे, कपडे सैल करून मान, काखा आणि जांघा ओल्या फडक्याने सतत थंड कराव्यात, वारा घालावा, शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नये आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत फडके पुन्हा पुन्हा भिजवत राहावे.