दुबईत गृहकर्ज काढताय? या चुका टाळा

दुबईत घर घ्यायचं म्हटलं की बहुतेक जण आधी फ्लॅट बघतात, एजंटने घाई केली की फॉर्म एफवर (विक्रेत्याशी होणारा खरेदी करार) सही करतात, विक्रेत्याच्या नावाने दहा टक्क्यांचा चेक फाडतात आणि मग बँकेत जातात. खरं तर आधी प्री-अप्रूव्हल, म्हणजे बँकेची कर्जाला आगाऊ मंजुरी, मग घर. ते साधारण ६० ते ९० दिवस चालतं, तेवढ्यात फ्लॅट मिळतो.

उलट्या क्रमाने गेलेल्यांचा किस्सा ठरलेला असतो. पगार २५,००० दिरहम, फ्लॅट १२ लाखांचा, कर्ज ८० टक्के म्हणजे ९.६ लाख. आजच्या दराने हप्ता पाच हजारांच्या आसपास, म्हणून गडी निवांत. पण सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाही, म्हणजे हातात १२,५००. त्यातून गाडीचे १,८०० गेले. मॉलमधल्या स्टॉलवर ‘फ्री’ म्हणून घेतलेली तीन क्रेडिट कार्डं ड्रॉवरमध्ये पडून आहेत, मर्यादा एकूण ९०,०००. कार्ड वापरा की नका वापरू, बँक मर्यादेचे ५ टक्के दरमहा देणं धरते. गेले आणखी ४,५००. उरले ६,२००. त्यात घराचा हप्ता बँक वाढीव दराने तपासते. ७ टक्के धरले तर २५ वर्षांसाठी तो होतो ६,७८५. अर्ज फेटाळला!

आता कार्डं बंद करायला पळापळ. बंद केल्याचं पत्र हातात पडून अल इतिहाद क्रेडिट ब्युरोच्या (तिथली कर्जांची नोंद ठेवणारी संस्था) अहवालात नोंद होईपर्यंत महिना-दीड महिना सहज जातो. तोवर फॉर्म एफची मुदत संपते आणि १ लाख २० हजारांचा चेक टांगणीला लागतो. एक सोडून बाकीची कार्डं अर्जाच्या दोन महिने आधीच बंद करा आणि प्रत्येकाचं पत्र मागून घ्या. फोनवर ‘झालं सर’ म्हणतात, त्याला काही किंमत नाही.

दुसरी चूक, वीस टक्के साठले की पैसे जमले असं समजणं. १२ लाखांच्या घराला २,४०,००० झाले. त्यावर लँड डिपार्टमेंटचे (मालकी नोंदवणारं सरकारी खातं) ४ टक्के म्हणजे ४८,०००, एजंटचे २ टक्के आणि व्हॅट मिळून २५,२००, कर्जनोंदणीचे २,६९०, घर नावावर करून देणाऱ्या ट्रस्टी ऑफिसचे ४,२००, व्हॅल्युएशनचे, म्हणजे बँकेने घराची किंमत ठरवून घेण्याचे, तीनेक हजार, शिवाय बँकेची फी. बेरीज सव्वातीन लाखांच्या वर जाते. पूर्वी काही बँका हा खर्चही कर्जात घालून द्यायच्या. फेब्रुवारी २०२५ पासून लँड डिपार्टमेंटची फी आणि दलाली खिशातूनच भरावी लागते. जुने व्हिडिओ बघून गणित मांडणाऱ्यांची इथेच फसगत होते.

वर व्हॅल्युएशन कमी आलं तर? बँक किंमत आणि व्हॅल्युएशन यांतल्या कमी आकड्यावर कर्ज देते. ११.४ लाख आलं की कर्ज ९.१२ लाखच, म्हणजे आणखी ४८,००० रोख. म्हणून किमतीच्या किमान तीस-बत्तीस टक्के हाताशी हवेत, तेही बँकेत. भारतातला फ्लॅट विकून पैसे आणणार असाल तर ते सहसा एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचं भारतातलं खातं) जमा होतात आणि तिथून बाहेर काढायला सीएचं प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ धरा.

बाकीच्या चुका थोडक्यात. प्रोबेशनवर असताना अर्ज करू नका. पगारदाराचं कर्ज साधारणपणे ६५ व्या वर्षापर्यंत फिटायला हवं, म्हणजे पंचेचाळिशीत वीसच वर्षं मिळतात. बांधकाम चालू असलेल्या घराला ५० टक्क्यांवर कर्ज मिळत नाही. पहिल्या तीन वर्षांचा स्वस्त ठरीव दर बघून हुरळू नका, त्यानंतर आयबोरवर (तिथल्या बँकांचा आपापसातला बदलता व्याजदर) किती टक्के लावणार ते ऑफर लेटरमध्ये शोधा. विक्रेत्याचंच कर्ज चालू असेल तर ते आधी फिटून त्याच्या बँकेचं पत्र यावं लागतं, म्हणून फॉर्म एफमध्ये मुदत जास्त लिहून घ्या.