वाहून गेलेल्या मातीतील कार्बनचा हिशेब: या चुका टाळा

नागपूर परिसरातील उताराच्या शेतांत मातीचे नमुने घेताना तेच ते घोळ वर्षानुवर्षे होताना पाहतो, म्हणून हे लिहीत आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मातीबरोबर वाहून गेलेला सगळा कार्बन हवेत गेला, असे धरून चालणे. हिंगण्याकडच्या एका शेतात आमच्या सोबतच्या एका नवख्या मुलाने फक्त वरच्या बरड भागातून नमुने घेतले आणि सेंद्रिय कार्बन कमी निघताच तेवढा कर्बवायू झाला, असे लिहून तो मोकळा झाला. मी त्याला नाल्याकाठच्या धुऱ्यापाशी खणायला लावले. वर दोन वीत तांबूस गाळ आणि मुरमाचे बारीक खडे लागले, त्याखाली जुनी काळी वाहिती जमीन निघाली आणि तिच्यात पऱ्हाटीचे एक मूळ अजून शाबूत होते. ढेकळे फुटून वाटेत सुटणारा काही कार्बन सूक्ष्मजीव खातात व तो वायू होतो, काही गाळाखाली गाडला जाऊन टिकतो, काही नाल्यातून तलावात जातो आणि वर उघड्या पडलेल्या मातीत पिकांची मुळे थोडा नवा कार्बन भरतात. म्हणूनच २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने जगातील शेतजमिनीची धूप वर्षाला सुमारे १२ कोटी टन कार्बन साठवते असा अंदाज दिला, तर इतर संशोधकांनी तीच धूप सुमारे १०० कोटी टन कार्बन हवेत सोडते असे मांडले होते. मी उताराच्या एकाच रेषेवर माथा, मध्य आणि पायथा असे तीन खड्डे घेतो आणि पायथ्याचा खड्डा मीटरभर खोल नेतो. यात दिवस मोडतो, पण ज्याला तेवढा धीर नाही त्याने कार्बनचा ताळेबंद मांडू नये.

गाळात कार्बन गाडला जातो म्हणून धूप चांगली, हा निष्कर्ष तर मला मुळीच मान्य नाही, कारण बरड झालेल्या माथ्यावर पीकच वाढले नाही तर नवा कार्बन भरणार कोण?

कार्बनची केवळ टक्केवारी लिहू नका, मातीची घनताही मोजा, नाहीतर शेतात एकूण किती कार्बन आहे हे कळत नाही.

वरचा १० सेंमी थर वाहून गेला असेल तर तुमचा ३० सेंमीचा खड्डा पूर्वीच्या ४० सेंमीपर्यंत पोहोचतो, हे तुलना करताना विसरू नका.

आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते आणि नमुना जाळून कार्बन मोजणारे यंत्र तिच्यातला कार्बनही सेंद्रिय कार्बनातच मिळवते. त्यामुळे मी शेतातच ढेकळावर सौम्य आम्लाचा थेंब टाकतो आणि फेस आला की पिशवीवर तशी खूण करतो, म्हणजे प्रयोगशाळेत आधी चुनखडी काढूनच नमुना जाळला जातो.