डमी जॉब हिरवा दिसतोय? आत काय आहे ते असं बघा

जॉब शेड्युलर म्हणजे ठरलेली कामं (जॉब) आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर. त्यातल्या फ्लोमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या जॉबच्या साखळीत, एखादा जॉब सुरू झाला न झाला तोच संपतो, हिरवा म्हणजे यशस्वी दिसतो, रनटाइम शून्य सेकंद, आउटपुट उघडावं तर रिकामं. घाबरू नका, बहुतेक वेळा तो प्लेसहोल्डर, म्हणजे नुसती जागा धरणारा असतो, आपण त्याला डमी म्हणतो. २० जॉब संपल्यावरच पुढचे १० सुटायला हवेत, तर प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायचं म्हणजे २०० डिपेन्डन्सी (कोण कोणासाठी थांबणार त्या जोडण्या), मधे एक डमी टाकला की ३० मध्ये काम भागतं. म्हणून तो तिथे उभा असतो, बाकी त्याला काही कामधंदा नाही.

डिटेल्स उघडायच्या आधी एक बघा, तुमच्यासमोर डेफिनिशन आहे की आजचा रन? कंट्रोल-एम या शेड्युलरमध्ये प्लॅनिंगमध्ये दिसते ती डेफिनिशन, म्हणजे जॉबचा मूळ आराखडा, मॉनिटरिंगमध्ये दिसते ती आज ऑर्डर झालेली, म्हणजे आजच्या रनसाठी घेतलेली कॉपी, आणि ऑर्डर झाल्यावर कोणी डेफिनिशन बदलली तरी आजची कॉपी जुनीच राहते. निम्मे वाद इथेच होतात राव.

तर मॉनिटरिंगमध्ये जॉबवर क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा आणि जॉब टाइप बघा. तिथे डमी असेल तर आउटपुट शोधण्यात वेळ घालवू नका, जे चाललंच नाही त्याचं आउटपुट कुठून येणार. सरळ लॉग उघडा, जॉब कधी ऑर्डर झाला, कधी संपला ते तिथे मिळतं. राखाडी रंगात अडकलाय? मग वेटिंग इन्फो बघा, कारण डमी असला तरी तो आपल्या कंडिशनची (आधीचे जॉब संपणं वगैरे अटींची) आणि वेळेची वाट बघतोच, हे नवीन लोकांना पटत नाही. आणि नेबरहूड व्ह्यू लावला की मागे कोण पुढे कोण ते एका नजरेत दिसतं, डमीच्या बाबतीत खरी माहिती तीच.

पण टाइप डमी नाही आणि तरी शून्य सेकंद, तर 'रन ॲज डमी', म्हणजे खरा जॉब न चालवता डमीसारखा संपवायचा पर्याय, लावलंय का बघा. हा प्रकार धोक्याचा. एकदा आमच्याकडे टेस्टिंगसाठी लावलेलं कोणी काढलंच नाही, जॉब रोज हिरवा, आणि पुढचे जॉब बिचारे रोज तीच जुनी फाइल लोड करतायत. हिरवा रंग बघून आम्ही सगळे निवांत!

ऑटोसिस हा दुसरा शेड्युलर वापरणाऱ्यांनी ऑटोरेप (autorep) कमांडला डॅश जे देऊन जॉबचं नाव द्यायचं, स्टेटस दिसेल, आणि शेवटी डॅश क्यू जोडलं की पूर्ण डेफिनिशन. डिपेन्डन्सीसाठी जॉब डिपेन्ड्स कमांड, डॅश सी लावून, कुठली कंडिशन पूर्ण झाली कुठली नाही ते तीच सांगते. स्टेटस ऑन नोएक्झेक असेल तर जॉब आपल्या कंडिशनसाठी थांबतो पण कमांड न चालवताच पुढच्यांना मोकळं करतो. ऑन आइसवर मात्र पुढचे जॉब त्याच्यासाठी थांबतच नाहीत, तो झालाच असं धरून चालतात. आणि ऑन होल्ड असेल तर पुढचेही अडकले. तिन्ही एकच समजणारे खूप आहेत, आणि रात्री दोनला फोन त्यांच्याचमुळे येतो.

आयबीएम वर्कलोड शेड्युलर या तिसऱ्या शेड्युलरमधला शॅडो जॉब थोडा वेगळा, तो दुसऱ्या इंजिनवरच्या (दुसरीकडे चालणाऱ्या शेड्युलरवरच्या) खऱ्या जॉबची सावली. तो बाउंड दिसला म्हणजे पलीकडचा जॉब सापडला, संपला असं नाही. खऱ्या जॉबच्या आत नेमकं काय झालं ते पलीकडच्या इंजिनवर जाऊन बघा.

आणि स्वतः डमी बनवत असाल तर डिस्क्रिप्शनमध्ये एवढं तरी लिहा, कशासाठी टाकला आणि कधी काढायचा. नुसतं 'टेम्प' लिहून सोडू नका, तसले टेम्प वर्षानुवर्षे पडून असतात आणि हात लावायची कोणाची हिंमत होत नाही.