नागपुरात लेझर शोच्या व्यवसायावर उदरनिर्वाह कसा करावा

लेझर शोच्या व्यवसायात उतरणारे बहुतेक तरुण आधी कर्ज काढून यंत्र विकत घेतात आणि मग गिऱ्हाईक शोधू लागतात. हा क्रम उलटा असायला हवा. ज्याच्याकडे केवळ यंत्र आहे त्याला साउंडवाले आणि डेकोरेशनवाले एका रात्रीच्या भाड्याने नेतात, आणि शेजारच्याने तेच यंत्र आणले की दर खाली येतो. ज्याला गाण्याच्या तालावर दृश्ये रचता येतात, वधूवरांची नावे किंवा संस्थेचे बोधचिन्ह स्वच्छ रेषांत उमटवता येते, त्याला मात्र यंत्र भाड्यानेही आणता येते. म्हणून पहिला एक हंगाम एखाद्या प्रकाशयोजनाकाराकडे मदतनीस म्हणून काम करावे आणि घरी संगणकावर लेझरच्या सॉफ्टवेअरचा सराव करावा. पडद्यावर आभासी दृश्य दाखवणारी सॉफ्टवेअर असल्यामुळे त्यासाठी यंत्र लागत नाही.

रचनेचे गणित समजून घेणे आवश्यक आहे. लेझरमध्ये दोन लहान आरसे अतिवेगाने हलून एकच किरण फिरवतात आणि डोळ्याला त्याचे चित्र दिसते. आरशांच्या या जोडीला स्कॅनर म्हणतात. ३० के वेगाचा स्कॅनर सेकंदाला ३०,००० बिंदू काढतो. चित्र लुकलुकू नये म्हणून ते सेकंदाला साधारण २५ वेळा काढायचे झाले, तर एका चित्राच्या वाट्याला १,२०० बिंदूच येतात. शिवाय विक्रेता सांगतो तो वेग बहुधा ८ अंशांच्या कोनात मावणाऱ्या लहान चित्रासाठी असतो. चित्र रुंदावले की वेग कमी करावा लागतो. देवनागरीत शिरोरेषा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे बिंदू लवकर संपतात. ‘ज्ञानेश्वरी’ हे नाव जाड, दुहेरी कडांच्या अक्षरांत टाकले तर ते थरथरते. तेच एकेरी रेषेत, शिरोरेषा सलग ठेवून लिहिले तर स्थिर दिसते. बाजारात तयार मिळणारे बहुतेक नमुने इंग्रजी अक्षरांचे असतात. म्हणून स्वतःची एकेरी देवनागरी अक्षरमाला बनवून ठेवणे हे या धंद्यातील सर्वांत चांगले भांडवल आहे, असे माझे ठाम मत आहे.

यंत्र घेताना केवळ वॅट पाहू नयेत. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश देणारे तिन्ही डायोड संतुलित आहेत का, स्कॅनर थांबताच किरण आपोआप बंद करणारी सुरक्षा व्यवस्था आहे का आणि आपत्कालीन बटण व किल्लीचे कुलूप आहे का, हे प्रत्यक्ष चालवून तपासावे. नागपूरच्या उन्हाळ्याचाही विचार करावा. मे महिन्यात दिवसा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि संध्याकाळीही लॉनवर उकाडा असतो. लाल डायोड उष्णतेने सर्वांत आधी मंदावतो आणि पांढरा रंग निळसर दिसू लागतो. यंत्र दिवसभर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये आणि रंगांचे संतुलन शोच्या वेळच्या तापमानातच करावे. मोकळ्या लॉनवर वारा असेल तर यंत्राने सोडलेले कृत्रिम धुके टिकत नाही आणि धुक्याशिवाय किरण हवेत दिसत नाहीत. अशा ठिकाणी भिंतीवर किंवा पडद्यावर चित्र दाखवण्याचे कामच स्वीकारावे.

आता सर्वांत महत्त्वाची बाब. डोळा मिटण्यास साधारण पाव सेकंद लागतो, आणि त्या अवधीत दृश्य प्रकाशाचा १ मिलिवॅटपर्यंतचा किरण निर्धोक मानला जातो. ५ वॅटचा किरण त्याच्या ५,००० पट आहे. तो थेट डोळ्यात गेला तर पापणी मिटण्यापूर्वीच दृष्टिपटल भाजू शकते आणि ती इजा भरून येईलच असे नाही. २०२३ च्या गणेश विसर्जन मिरवणुकांनंतर राज्यात अशा इजांच्या बातम्या आल्या आणि पुढे पुण्यासारख्या शहरांत पोलिसांनी उत्सवातील लेझरवर बंदीचे आदेश काढले. म्हणून चालत्या वाहनावर, माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर लेझर लावण्याचे काम कितीही पैसे मिळाले तरी घेऊ नये. अमेरिकी नियमांनुसार किरण प्रेक्षकांच्या उभ्या राहण्याच्या पातळीपासून किमान ३ मीटर वर असावा लागतो. तेच अंतर आपणही पाळावे आणि प्रत्येक किरण भिंतीवर किंवा पडद्यावर संपेल अशी मांडणी करावी. गच्चीवर, झुल्यावर किंवा स्टेजच्या कठड्यावर कोणी चढले तर तो किरणाच्या वाटेत येतो का, हे पाहुणे येण्यापूर्वी फिरून पाहावे, आणि शो चालू असताना आपत्कालीन बटणापाशी कायम एक माणूस ठेवावा. लग्नाच्या छायाचित्रकारांनाही आधी सांगावे, कारण थेट किरणाने कॅमेऱ्याचा सेन्सर जळतो. ही सूचना करारात लिहून घ्यावी.

आकाशात किरण सोडण्याबाबत नागपूरकरांनी विशेष सावध राहावे. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार विमानतळाच्या मध्यबिंदूपासून १८.५ किलोमीटरपर्यंतचे क्षेत्र लेझरच्या दृष्टीने संवेदनशील धरले जाते, आणि सोनेगाव विमानतळापासून मोजले तर जवळजवळ संपूर्ण शहर त्यात येते. वर्धा मार्गावरील लॉन्स तर विमानतळाच्या अगदी लगत आहेत. आकाशाकडील किरण ही ग्राहकाची अटच असेल, तर आधी पोलिसांची आणि हवाई वाहतूक नियंत्रणाची लेखी मंजुरी घ्यावी, अन्यथा नकार द्यावा.

कामाचा हंगाम तुळशीविवाहानंतर सुरू होतो. डिसेंबर-जानेवारीत महाविद्यालयांची गॅदरिंग, त्यानंतर पुन्हा लग्नांचे मुहूर्त. चातुर्मासात लग्ने थांबतात; त्या काळात दुकानांची उद्घाटने, संस्थांचे वर्धापनदिन आणि सभागृहातील कार्यक्रम मिळवावेत आणि नव्या रचना तयार कराव्यात. दर ठरवताना समजा यंत्र ३ लाखांचे आहे आणि तीन वर्षांत दरवर्षी ४० शो होतील. तर प्रत्येक शोवर २,५०० रुपये केवळ यंत्राच्या झिजेचे धरावेत. त्यावर वाहतूक, मदतनीस, धुक्याचे द्रव आणि रचनेचे तास वेगळे लावावेत. रचनेचे शुल्क बिलात स्वतंत्र ओळीत दाखवावे, म्हणजे घासाघीस यंत्राच्या भाड्यावर होते, कौशल्यावर होत नाही. निम्मी रक्कम बयाणा म्हणून घेतल्याशिवाय नावांची रचना सुरू करू नये, आणि लॉनच्या जनरेटरवर यंत्र लावण्यापूर्वी विजेचा दाब व अर्थिंग मोजून घ्यावे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, निःशुल्क आहे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी करावी लागते, पण मोठ्या संस्था बहुधा आधीच जीएसटी क्रमांक मागतात.