वाइडबँड सेन्सर बसवताना या चुका टाळा

एक्झॉस्टमधल्या वाइडबँड सेन्सरच्या गेजवर एएफआर (पेट्रोलच्या वजनाच्या किती पट हवा) १६.५ दिसत होतं, म्हणून मी आयडलला पेट्रोल वाढवत बसलो. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, इंधनाच्या तक्त्यातले (मॅपमधले) खालचे चार-पाच आकडे वाढवले तरी आकडा जागचा हलेना, आणि टेलपाइपजवळ उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे. नाक म्हणत होतं रिच (पेट्रोल जास्त), गेज म्हणत होतं लीन (पेट्रोल कमी). मी गेजचं ऐकलं. शेवटी हीट शील्ड काढल्यावर मॅनिफोल्डच्या फ्लँजवर बोटभर लांब काजळीची रेघ दिसली. गॅस्केट फुटलं होतं.

वाइडबँड पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. या कामातल्या निम्म्या चुका हे विसरल्यामुळे होतात. एक्झॉस्टमध्ये दोन धक्क्यांच्या मधे दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, तेव्हा फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर ती प्रामाणिकपणे मोजतो. आयडलला वायूचा प्रवाह कमी, म्हणून तिथे फरक मोठा. आरपीएम वाढले की तो बुजत जातो. खाली लीन आणि वर सगळं व्यवस्थित दिसलं, तर मॅप उघडण्याआधी सेन्सरच्या अलीकडचे जोड तपासा. गार इंजिनवर व्हॅक्यूम क्लीनरचं हवा फेकणारं तोंड टेलपाइपला लावायचं आणि जोडांवर साबणाचं पाणी फवारायचं. बुडबुडे जागा दाखवतात.

मिसफायरचंही तसंच. ठिणगी पडली नाही की न जळलेलं पेट्रोल बाहेर जातं आणि त्याच्यासोबत न वापरलेला ऑक्सिजनही. आकडा लीनकडे सरकतो, आपण पेट्रोल वाढवतो, प्लग आणखी ओले होतात. आधी इग्निशन नीट करा.

बंग (सेन्सर फिरवून बसवायचा, पाइपला वेल्ड केलेला नट) कुठे लावायचा

पाइपच्या खालच्या अंगाला वेल्डिंग करणं सोपं जातं, म्हणून बरेच जण तिथेच लावतात. थंड एक्झॉस्टमध्ये वाफेचं पाणी होतं, ते तळाला साचतं आणि सेन्सरच्या तापलेल्या सिरॅमिकवर उडतं. सिरॅमिक तडकतं. सेन्सरचं टोक खाली आणि वायरची बाजू वर राहील असा बसवा, आडव्या रेषेपासून निदान १० अंश वर. घड्याळात सांगायचं तर दहा ते दोनच्या मधे. टर्बो असेल तर टर्बोच्या नंतरच, कारण आधी दाबही जास्त आणि उष्णताही. कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या मात्र अलीकडे, कारण पलीकडे उरलेल्या ऑक्सिजनचा हिशेब बदललेला असतो. इंजिनाच्या एक्झॉस्ट पोर्टपासून साधारण ६० ते ९० सेंटीमीटरवर बहुतेक गाड्यांचं जमतं.

वेल्डिंग करताना सेन्सर बंगमध्ये ठेवू नका. उष्णतेने बंगचे आटे बिघडू नयेत म्हणून तेवढ्यापुरता जुना, मेलेला सेन्सर कामाला येतो. तो मी फेकत नाही.

हीटर आणि वायरिंग

बॉशचा एलएसयू ४.९ हा वाइडबँड सेन्सर सुमारे ७८० अंश सेल्सिअसवर काम करतो आणि ते तापमान त्याचा स्वतःचा हीटर राखतो. त्यामुळे कंट्रोलर (सेन्सर आणि त्याचा हीटर चालवणारा डबा) काढून ठेवायचा असेल तर सेन्सरही काढा आणि भोकाला प्लग लावा. थंड सेन्सर धुरात राहिला की त्यावर कार्बन बसतो. उलटी चूक म्हणजे चावी ऑन करून दहा मिनिटं लॅपटॉपवर बसायचं आणि मग स्टार्टर मारायचा. हीटर लालबुंद, आणि पहिल्याच धक्क्याला पाइपमधलं पाणी त्याच्यावर. कंट्रोलर स्वतःहून थांबत नसेल तर त्याचा सप्लाय फ्युएल पंपाच्या रिलेबरोबर चालू होईल असा घ्या, मधे फ्यूज घालून.

वायर कमी पडली म्हणून सेन्सरचा कनेक्टर कापू नका. त्यात त्या एकाच सेन्सरसाठी जुळवलेला रेझिस्टर असतो. तो गेला की कॅलिब्रेशन गेलं. लांबी वाढवायची ती कनेक्टर आणि कंट्रोलरच्या मधे.

सगळ्यात जास्त छळते ती ग्राउंड. कंट्रोलर आकडा ईसीयूला व्होल्टेजच्या रूपात पाठवतो आणि ईसीयू तो लॉगमध्ये नोंदवतो. ० ते ५ व्होल्ट म्हणजे १० ते २० एएफआर अशी स्केल धरली, तर ०.१ व्होल्टच्या फरकाने लॉग ०.२ एएफआरने चुकतो. फुल थ्रॉटलला एवढा फरक चालत नाही. आयडलला हेडलाइट आणि रेडिएटरचा पंखा लावा आणि गेज व लॉग शेजारी-शेजारी बघा. गेज स्थिर असताना लॉग सरकला तर ग्राउंडच दोषी. कंट्रोलरला दोन ग्राउंड वायरी असतील तर हीटरची इंजिन ब्लॉकला आणि सिग्नलची ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला जोडा. व्होल्टेजऐवजी कॅनवरून (गाडीतल्या डिजिटल डेटा वायरवरून) डेटा घेता येत असेल तर हा ताप उरतच नाही, आणि नवीन घेताना मी त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजेन.

आकडा वाचताना

लॅम्ब्डा म्हणजे प्रत्यक्ष एएफआर भागिले त्या इंधनाच्या पूर्ण ज्वलनाला लागणारं प्रमाण. बहुतेक गेज लॅम्ब्डाला पेट्रोलच्या १४.७ ने गुणून एएफआर दाखवतात, टाकीत काहीही असो. ई८५ चं (बहुतांश इथेनॉल असलेल्या इंधनाचं) खरं प्रमाण ९.८ च्या आसपास आहे हे वाचून कुणी गेजवर ९.८ आणायला गेला, तर तो प्रत्यक्षात ०.६७ लॅम्ब्डावर पोचतो, म्हणजे सिलिंडर धुऊन काढण्याइतकं रिच. गेज लॅम्ब्डावर टाका आणि तसंच ठेवा. इंधन कोणतंही असलं तरी लॅम्ब्डा १ म्हणजे त्याचं योग्य प्रमाण.

एलएसयू ४.२ आणि ४.९ ची अदलाबदल होत नाही. कंट्रोलर कोणत्यासाठी आहे ते बघूनच घ्या. ४.२ ला मोकळ्या हवेत कॅलिब्रेशन लागतं. ते करताना सेन्सर पाइपमधून बाहेर काढावा लागतो, आणि चालू इंजिनाच्या शेजारी धरलेला सेन्सर मोकळ्या हवेत नसतो. एक्झॉस्टच्या किंवा इंजिनाच्या जोडांना साधा सिलिकॉन सीलंट लावू नका, त्याची वाफ सेन्सर मारते.

सगळं बसवून झालं की गाडी गिअरमध्ये वेगात न्या आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून पूर्ण उचला. ईसीयू इंधन तोडत असेल तर एक्झॉस्टमधून निव्वळ हवा जाते आणि गेज झटकन लीनच्या टोकाला जाऊन थांबतं. लॉगही त्याच टोकाला पोचला पाहिजे. लॉग १९.६ वर अडकला तर पुन्हा ग्राउंड आणि स्केल बघा. गेजच रेंगाळत वर चढत असेल तर सेन्सर म्हातारा झालाय. गॅस्केटची गळती मात्र इथे पकडली जात नाही, हवेत हवा मिसळून काय कळणार. तिला साबणाचं पाणीच लागतं.