ओझोनबद्दल बोलताना आणि एसीचा गॅस भरताना या चुका टाळा

"ओझोनला भोक पडलं म्हणून गरमी वाढली" हे वाक्य शाळेच्या प्रोजेक्टपासून भाषणांपर्यंत सगळीकडे सापडतं, आणि ते चूक आहे. गरमी वाढते ती कार्बन डायऑक्साइड, मिथेनसारखे वायू उष्णता अडकवून ठेवतात म्हणून. ओझोन हा उंचावरच्या हवेतला वायू, त्याचं काम वेगळं आहे, तो सूर्याची अल्ट्राव्हायोलेट किरणं अडवतो, त्यामुळे तो पातळ झाला की त्वचेचा कॅन्सर, मोतीबिंदू, पिकांचं आणि समुद्रातल्या प्लवकांचं (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचं) नुकसान हे सगळं वाढतं. गोंधळ होतो कारण सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन, जुन्या फ्रिज-एसीत वापरला जाणारा) हा वायू दोन्हीकडे दोषी आहे, ओझोनही खातो आणि उष्णताही अडकवतो.

आणि भोक म्हणजे खरंच भोक नाही. सगळा ओझोन जमिनीवर आणून दाबला तर थर जेमतेम ३ मिलिमीटर भरेल, म्हणजे ३०० डॉब्सन युनिट (ओझोन मोजायचं एकक), आणि तो २२० च्या खाली गेला की त्याला ओझोन होल म्हणतात.

अजून एक, "सीएफसी हवेपेक्षा जड, मग वर जाईल कसा?" अहो वाऱ्याने सगळी हवा ढवळली जाते, काही वर्षांत तो वर पोचतोच, तिथे अल्ट्राव्हायोलेटने तुटतो, क्लोरीन सुटतो आणि क्लोरीनचा एकच अणू ओझोनचे लाखभर रेणू संपवू शकतो. अंटार्क्टिकावरच सगळ्यात जास्त का, तर तिथल्या हिवाळ्यात उणे ७८ अंशांच्या खाली जे ढग बनतात त्यांच्यावर हा क्लोरीन तयार होऊन बसतो आणि सप्टेंबरमध्ये ऊन आलं की कामाला लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाची चूक, जी मला खरंच अस्वस्थ करते. एसी थंड करत नाही म्हणून लोक दरवर्षी गॅस भरून घेतात. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही हो! कमी झाला म्हणजे कुठेतरी लीकेज आहे, आधी ते शोधून बंद करा मग गॅस भरा, नाहीतर भरलेला सगळा हवेतच जाणार. एसीच्या लेबलवर गॅसचं नाव असतं, तिथे आर-२२ असेल तर तो ओझोनला थेट मारतो. त्या मशीनमध्ये आर-४१०ए भरून घेऊ नका, त्याचं प्रेशर खूप जास्त असतं, जुना कॉम्प्रेसर त्यासाठी बनलेला नाही. आर-३२ वाल्यांनीही निश्चिंत राहू नये, ओझोनला धोका नाही पण तापमान वाढवतो, म्हणून तर २०१६ च्या किगाली करारात असे वायू कमी करायचं ठरलं. जुना एसी किंवा फ्रिज काढताना पाइप कापून गॅस सोडून देऊ देऊ नका, मशीन लावून सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगा.

"१९८७ च्या माँट्रियल करारानंतर प्रश्न मिटला" असंही म्हणतात, म्हणजे ओझोन खाणारे वायू बंद करायचा जगभरातल्या देशांचा करार. करार चाललाय हे खरंय, पण सीएफसी-१२ हवेत साधारण १०० वर्षं टिकतो, आणि अंटार्क्टिकावरचा थर १९८० च्या, म्हणजे मोठं नुकसान होण्याआधीच्या, पातळीला यायला २०६६ च्या आसपासचा अंदाज आहे.