आजोबांचं फौजी रिव्हॉल्व्हर कमरेला लावायचंय? या चुका टाळा

विदर्भातल्या जुन्या वाड्यांत अधूनमधून एखादं वेबली नाहीतर एनफिल्ड रिव्हॉल्व्हर निघतं. फौजेतल्या आजोबांचं, चामडी म्यानात गुंडाळलेलं. साफसूफ करून रात्री शेतावर जाताना सोबत ठेवू, असा विचार येतो आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

आधी कागद. सातबाऱ्यावर वारस चढवावा लागतो, तसाच परवानाही आपोआप नातवाच्या नावावर होत नाही. हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, मग परवान्यासाठी अर्ज. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाहक्काची धरून. हत्याराची डागडुजीही परवाना असलेल्या कारागिराकडूनच. गावच्या लेथवाल्याने हात लावला, तर 1959 च्या शस्त्र कायद्यात तोही अडकतो आणि तुम्हीही.

कारागिराकडे गेल्यावर पहिली फर्माईश ठरलेली असते, “याले चमकवून द्या ना भाऊ.” इथेच नुकसान होतं. बफिंगच्या चाकाखाली सालाचे आकडे, चाचणीचे शिक्के पुसट होतात, कडा गोल होतात आणि कधी हत्याराचा नंबरही जातो. नंबर घासलेला सापडला, तर तो ज्याच्याकडे हत्यार आहे त्यानेच पुसला असं कायदा धरून चालतो. खोडला नाही हे मग तुम्ही सिद्ध करत बसा. निकेलचा मुलामाही नकोच, खालचा गंज आत खातच राहतो. जुना काळपट रंग राहू द्या. लाल गंज तेवढा तेल आणि बारीक स्टील वूलने हलक्या हाताने काढावा.

तेलाच्या बाबतीत तर आपल्याकडे कमालच करतात. खोबरेल तेल पुसाच्या थंडीत गोठतं. मग घोडा जड पडतो, काडतुसावर ठोका हलका बसतो आणि लोक स्प्रिंग बदलायला धावतात. जवसाचं तेल त्याहून वाईट, कारण ते हवेत सुकून चिकट पापुद्रा धरतं. लाकडी मुठीला तेच तेल उत्तम, पण यंत्राच्या आत थेंबही नको. आत बंदुकीचं पातळ तेल, तेही पुसून उरेल एवढंच. सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं फिरतं चाक, अडकत फिरत असेल, तर आधी हा चिकटा काढून पाहावा.

नळीतल्या गंजाचं कारण बरेचदा जुनी काडतुसं असतात. त्यांच्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की मागे क्षार राहतो आणि तो पावसाळ्यात ओल ओढतो. रॉकेलने तो विरघळत नाही, गरम पाण्याने विरघळतो. त्यानंतर नळी कोरडी करून तेलाचा हात.

सगळ्यात धोक्याची चूक काडतुसाची. एनफिल्ड नंबर 2 चं काडतूस आखूड, थोडं जाड आणि कमी दाबाचं. .38 स्पेशल हे दुसरं काडतूस लांब आणि जास्त दाबाचं, ते बसत नाही म्हणून काही जण चेंबर, म्हणजे काडतुसाचं घर, कोरून घेतात. मग कवच फुगतं, फाटतं, आणि जुन्या पोलादावर नको तेवढा दाब येतो. आणि बोअर, म्हणजे नळीचं माप, तेही पाहा: एनफिल्डचं .380, वेबलीचं .455 आणि 9 मिमी हे बोअर तर सामान्य परवान्यात बसतच नाहीत.

रोज बाळगायचा हट्टच असेल, तर माझं मत सरळ आहे: यासाठी हे हत्यार नाही. सुटे भाग मिळत नाहीत. घोड्याखाली भरलेलं काडतूस असताना जुनं रिव्हॉल्व्हर पडलं तर बार होऊ शकतो, म्हणून ते घर रिकामं ठेवायची जुनी रीत आहे. रानडुकराला ते पुरतही नाही, आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याच्यावर गोळी झाडताही येत नाही. लग्नात हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

निवडणुकीच्या वेळी हत्यार जमा करायला सांगितलं, तर म्यान घरीच काढून ठेवा. चामडं ओल धरतं आणि ठाण्यात ते कित्येक आठवडे पडून राहू शकतं. तेलाचा हात फिरवा, सहाही घरं उघडून अंमलदाराला दाखवा आणि पावतीवरचा नंबर नळीवरच्या नंबराशी तिथेच जुळवून घ्या.